पितळेचा घरमालक

१२ जानेवारी
जितेंद्रचा घटस्फोटाचा अर्ज आला. पोस्टमननं सही घेतली, पाणी मागितलं. दिलं.
दीड वर्षापासून तो बुटीबोरीला राहतो, प्लांटमधल्या एका बाईसोबत. तेव्हा अर्जाचं नवल नाही. पण शेवटी लिहिलंय — मी माडी रिकामी करावी!
फोन केला. म्हणाला, "घर माह्या नावावर नाहीच. ट्रस्टचं आहे. जे माहं नाही त्यातून तुले काय देऊ?"
माडी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून बांधली, म्हटलं.
"ट्रस्टले दान केलं असं समज."
नाही समजत.

१३ जानेवारी
आमच्या लग्नाच्या वर्षी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, घर देवघरातल्या बाळकृष्णाच्या नावे केलं. श्री बाळकृष्ण कुटुंब ट्रस्ट. वाटेहिस्से नकोत म्हणून. चार बोटांची पितळी मूर्ती, ती घरमालक. अठरा वर्षं मी घरमालकाला रोज आंघोळ घालते आहे.

२१ जानेवारी
मामाजींकडून ट्रस्टचा कागद मागून घेतला. त्यांनी विचारलं नाही कशाला. सदर भागात गार्गी वकिलांकडे गेले. लहान वयाच्या आहेत, पण सगळी पानं वाचतात.
पोटगी ठरवताना नवऱ्याच्या नावावर काय आहे ते बघतात म्हणे. त्याच्या नावावर एक स्कूटर आहे. ती मी चालवते.
चौथ्या पानावर त्या थांबल्या. घरातल्या माणसाच्या हातून सलग अकरा दिवस पूजा झाली नाही, तर ट्रस्ट संपेल आणि घर जितेंद्रच्या नावे होईल.
"अकराच काहून?" मी विचारलं. सुतकाचे दहा दिवस देवाला हात लावता येत नाही, म्हणून अकरा. ट्रस्ट संपला, तर घर त्याचं. घर त्याचं झालं, तर कोर्टात माझा हक्क मांडता येतो.
"ताई, हा ट्रस्ट तुम्हीच तर जिवंत ठेवलाय!"
फार राग आला. कुणाचा ते ठरेना. सिग्नलवर एका कारवाल्याशी भांडून घेतलं.

२२ जानेवारी
पूजा केली नाही. चहा घेऊन पेपर वाचला. बातम्या विशेष नव्हत्या.
नऊ वाजता खालून मामाजींची हाक. पडल्यापासून ते खाटेवरच आहेत. "घंटी ऐकू नाही आली वं आज. देव पारोसाच आहे का?"
गेले, केली. घंटा जरा जोरातच वाजवली.

२३ जानेवारी
मामाजींना सगळं सांगून टाकलं. माझ्या पाठीमागे त्यांना कुणी सांगायला नको.
मग म्हणाले, "मी आहे तोवर करत जा. मंग तुयं तू पाहून घे."
आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले. होतंच कमी.

८ फेब्रुवारी
पूजा केली.

२० फेब्रुवारी
कोर्टात तारीख होती. जितेंद्र जाडा झालाय. पुढची तारीख एप्रिलची.

९ मार्च
मामाजी पहाटे पाच वाजता गेले. पूजा व्हायची होती, तशीच राहिली.
या घरात मला 'जेवली का' विचारणारं एकच माणूस होतं. फार रडले. जितेंद्रही रडला. वेगवेगळ्या खोल्यांत.

१५ मार्च
सुतक. देवघर बंद. जितेंद्र डोक्याचा गोटा करून खालच्या खोलीत बसून असतो. कुणी भेटायला आलं की सांगतो, बाबांनी घर कसं देवाच्या नावे बांधून ठेवलं. तो कागद त्यानं कधीच वाचलेला नाही. घरचाच तर आहे, वाचायचं काय, म्हणायचा.

१८ मार्च
दहावा झाला. घाटावर ऊन फार होतं. कावळा लगेच शिवला.

१९ मार्च
अकरावा दिवस. पहाटे घर धुतलं, आंघोळी झाल्या, सुतक फिटलं. जितेंद्र पाय पसरून बसला आणि म्हणाला, "पूजा तूच करून घे वं. मले जमत नाही ते."
बरं म्हटलं, आणि देवघर न उघडताच कामावर निघून गेले.