चाकांवरचा माळा

८ जानेवारी २०२६, कल्याण

व्हॅन आली. शहाडच्या गॅरेजवाल्याने आत फळ्या ठोकून तिचं फिरतं घर केलंय म्हणे. आत शिरले तर खणच खण! पलंगाखाली खण, सीटखाली खण, छताला खण, पायरी उचलली तर तिथेही खण! "बघ, इंचभर जागा वाया घालवली नाही," साईनाथ म्हणाला. विचारलं, पाय कुठे ठेवायचे? त्यावर विचार झालेला नाही.

पण २७ तारखेला दिवेआगर, हे नक्की. समुद्राकाठी झोपायचंय, हॉटेलात नाही — हे मी या नवऱ्याला आम्ही दोघं बँकेत होतो तेव्हापासून सांगतेय. चालवणार मी. त्याला मोतीबिंदू.

११ जानेवारी

घरातला माळा आज गाडीत उतरला. जुने कुकर आणि वर्षानुवर्षांची हळदीकुंकवाची वाणं — गाळण्या, साबणदाण्या, कागदातून बाहेरही न काढलेल्या. "खण रिकामा ठेवायचा कशाला?" चार दिवसांच्या सहलीला साबणदाण्या!

शाळेत सिस्टर सांगायच्या, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी. त्या बिचाऱ्या अविवाहित.

१४ जानेवारी, संक्रांत

दुसऱ्या मजल्यावरची दर्शना गणपतीचं मखर घेऊन हजर. "काकू, तुमची गाडी उभीच असते ना? सप्टेंबरपर्यंत राहू दे." मी तोंड उघडायच्या आत साईनाथने पलंगाखालचा खण उघडून दिला! वर मापाची टेप लावून सांगितलं, "अजून एक बसेल."

१८ जानेवारी

घोडबंदर रोडवरून ऋजुता आली. पोटची मुलगी! टेम्पोत व्यायामाची सायकल. "आई, आमच्या फ्लॅटमध्ये हलायला जागा नाही गं. बाबा म्हणाले, गाडीत ठेव."

बाबांनी ती माझ्या झोपायच्या जागेवर बांधली. नायलॉनच्या दोरीने! "तू कडेला झोप ना. पेडलला पर्स अडकवता येईल."

१९ जानेवारी

साईनाथशी बोलत नाही.

२२ जानेवारी

भाजी निवडताना सुचलं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. आणि वाण कोणी परत करत नाही!

२५ जानेवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू केलं. गाडीतच! एकेक बाई पायरीवर उभी. कुंकू, तिळगूळ, मग वाण. दर्शनाला तिचंच मखर. "काकू, अहो, हे तर माझं —" "वाण आहे गं. नको म्हणायचं नसतं." तळमजल्यावरच्या मायाताईंना कुकर. बाकीच्यांना साबणदाण्या, जोडीला गाळणी.

ऋजुताला सायकल. "आई, वेड लागलंय का तुला?" "तिळगूळ घे आणि गोड बोल!"

संध्याकाळी गाडी रिकामी. हाक मारली तर घुमते. साईनाथ आत बसून एकेक खण उघडून बघत होता. चेहरा असा, जणू घरातलं कोणी गेलंय.

२७ जानेवारी

दोन पिशव्या, एक शेगडी, अंथरूण. झालं. मी स्टेअरिंगवर. साईनाथ पायरीवर थबकला. "एवढी जागा अशीच न्यायची?"

वर गेला. इस्त्री घेऊन आला. परत वर. पाट घेऊन आला. पाट! समुद्रावर! परत वर. मग खिडकीतून ओरडला, "थांब गं, टेबलफॅन बांधतोय! दोनच मिनिटं!"

थांबले. बढती आली तेव्हा त्याच्यासाठी थांबले होते, निवृत्तीनंतरही थांबले होते. मग वॉचमनला म्हटलं, गेट उघड.

२८ जानेवारी, दिवेआगर

उभी झोपले, आडवी झोपले, तिरकी झोपले. दार उघडं ठेवून. समोर समुद्र.

साईनाथचा फोन : एसटीत बसलाय. टेबलफॅनचं अर्धं तिकीट काढलंय.

म्हटलं, ये. जागा एकाचीच आहे. तू की पंखा, ते वाटेत दोघं मिळून ठरवा.