डाव्या भुवईबद्दल

९ नोव्हेंबर, दुपारचे तीन

प्रिय बारके,

तुला आणि तुझ्या घरातल्या दोघांना माझे पोटभर आशीर्वाद. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. पार्लरची मागची खोली परवाच रंगवून घेतली. या वेळेला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तिथेच लिहायला बसलेय. फोन करता आला असता, पण फोनवर मी कामाचं सोडून सगळं बोलते हे तुला माहीत आहे.

तुझा मेसेज मिळाला. दवाखान्यात तुला पुन्हा चौकशीच्या खिडकीवर घेतायत हे वाचून मी एकटीच टाळ्या पिटल्या. दोन वर्षं मागच्या खोलीत फायली लावल्यास, आता पुरे. रुजू व्हायला दोन महिने आहेत, तेवढ्यात भुवया करून घ्यायच्या, आणि या वेळी तुझ्या घराजवळच्या बाईंकडून. "ताई, रागावू नकोस हं," असंही लिहिलंयस. मी कशाला रागावू?

तर तुझा प्रश्न. ब्लेडच्या रेघा की मशीनची पावडर?

रेघांमध्ये बारीक ब्लेडनं कातडीत रंग भरत एकेक केस रेखतात. नीट जमलं तर नवऱ्यालाही कळत नाही. अर्थात नवऱ्यांना तसंही काही कळत नाही. वर्ष-दीड वर्ष टिकतं. पावडरमध्ये मशीनची सुई बारीक बारीक ठिपके देते, पेन्सिल हलकी फिरवल्यासारखं दिसतं, आणि ते जास्त टिकतं. तेलकट त्वचेवर रेघा काही महिन्यांत फिसकटतात, म्हणून तिथे पावडरच बरी. कोरड्या त्वचेवर रेघा छान बसतात. म्हणजे सगळं येऊन अडतं ते त्वचेवर.

आणि तू लिहिलंयस, "माझी त्वचा मेली तेलकट, मला पावडरच घ्यावी लागणार ना? आवडतात खरं तर रेघा." शिवाय त्या बाईंनी तुझं माझ्याकडचं जुनं कार्ड मागितलंय.

आमच्याकडे प्रत्येकीचं असं कार्ड असतं. त्वचा कशी, रंग कोणता, आखणी कशी केली, सगळं त्यावर. तुझं शोधायला पाच मिनिटं लागली. त्याला आज चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर 'त्वचा तेलकट' असं लिहिलं. जुनं वाटावं म्हणून कोपरे थोडे चुरगाळले. मग माझी मलाच लाज वाटली आणि ते फाडून टाकलं.

खरं कार्ड या पत्रासोबत आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, त्वचा कोरडी.

बारके, तुझी त्वचा तेलकट नाही. कधीच नव्हती.

भुवया केल्या त्या दिवशी तू ड्यूटी संपवून थेट माझ्याकडे आलीस. मी बधिर करायचं क्रीम लावलं आणि तू डाव्या कुशीवर डाराडूर झोपलीस. आखणी करायची ती माणसाला ताठ बसवून, मापाला दोरा धरून, आणि त्याच्या हातात आरसा देऊन. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी घोकायला लावते. तुला मात्र मी झोपेतच थोडी उताणी वळवली आणि आखून टाकलं. डावा गाल उशीवर दाबलेला होता, कपाळाची कातडी खाली ओढली गेली होती. मला ते दिसलं नाही.

तू दमली होतीस, उठवायचं जिवावर आलं, असं लिहून मी सुटू शकते. थोडं खरंही आहे ते. पण जास्त खरं हे की मला फाजील आत्मविश्वास नडला. घरचीच तर आहे, हिला काय आरसा दाखवायचा, असं वाटलं.

तू उठून बसलीस तेव्हाच डावी भुवई वर चढलेली मला दिसली. मी म्हणाले, "सूज आहे, उतरेल." महिन्यानं तू परत आलीस तेव्हा म्हणाले, "तुझी त्वचाच तेलकट, रंग सरकला." इतक्या सहज म्हणाले, की मीच चकित झाले.

मग तू तळलेलं सोडलंस. दिवसातून चारदा साबणानं तोंड धुवायला लागलीस. आणि खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, ही बाई आपल्यावर संशय घेतेय. "मी काय खोटं बोलतोय का, बाई?" असं विचारणाऱ्या आजोबांची नक्कल तू घरी करून दाखवलीस. आई हसून हसून बेजार झाली. मीही हसले. तिसऱ्या तक्रारीनंतर तुला फायलींच्या खोलीत पाठवलं, तेव्हाही मी गप्पच राहिले. एका वाक्याचं काम होतं, ते माझ्याच्यानं झालं नाही. माझं चुकलं. फार चुकलं.

तेव्हा आता माझा सल्ला ऐक. तू पाठवलेल्या फोटोत जुना रंग जवळजवळ गेलेला दिसतोय. डावीकडे राखाडी छटा राहिली असेल तर ती आधी त्या बाईंना बघू दे, त्यावर नव्या रेघा उठून दिसणार नाहीत. त्या हरकत नाही म्हणाल्या तर रेघाच घे, तुला आवडतात त्या. आखणी बसूनच करून घे. आरसा मागून घे, दोनदा बघ, मनाला पटलं नाही तर पुसायला लाव. आणि तोंडाला साबण लावणं आजपासून बंद कर, त्वचेची पार रया गेली असेल. भजी खा.

आई तुझी आठवण काढते, तसं तुला कळवायला सांगतेय. तिला यातलं काही माहीत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

एका गोष्टीचं उत्तर मुद्दाम राखून ठेवलंय. मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस, "त्या दिवशी तू बरोबर ये ना ताई, मला भीती वाटते." ते तू ज्या ताईला लिहिलंस, तिनं तुला फसवलं होतं हे तुला माहीत नव्हतं. म्हणून येते असं आज म्हणत नाही. हे वाचून झाल्यावर पुन्हा बोलावलंस तर पहिल्या गाडीनं येईन आणि तुझा हात धरून बसेन. ब्लेडला हात लावणार नाही. नाही बोलावलंस, तरी तारीख तेवढी कळव. त्या दिवशी मी पार्लर बंद ठेवणार आहे.

तुझी चूक नसताना तुलाच दोषी ठरवणारी,
तुझी ताई