निरोगी पिशवी

३ मे
आज बारा पिशव्या आल्या. फुप्फुसाचा संसर्ग झालेल्या रुग्णांनी फुंकून भरलेल्या. एकीचं तोंड सैल होतं — न उघडताच नष्ट करायला पाठवली. रुग्णाचा श्वास उघडायचा तो काचेच्या बंद कपाटातच.

सकाळची पहिली पिशवी तेवढी माझी. यंत्राला आधी निरोगी श्वास दाखवायचा, मग आजारी. ती आम्ही टेबलावरच उघडतो. निरोगी श्वासाला कपाट कशाला? हा नियमही माझाच.

५ मे
यंत्रावरची माझ्या श्वासाची रेघ आज वर चढलेली; निरोगी श्वासाची सपाट हवी. सहायक मुलीला — चिमणीला — विचारलं, नळी धुतलीस?
"दोनदा धुतली, मॅडम."
"मग यंत्राला भूत लागलं?"
"तुम्हीच कांदाबिंदा खाल्ला असेल." हसली.
मी नाही हसले.

७ मे
नळी बदलली. रेघ आणखी वर! म्हणजे हिने रुग्णाची नळी माझ्या पिशवीला लावली, दुसरं काय. सगळ्यांदेखत झापलं. "नाही लावली हो, आईशप्पथ," म्हणत होती. लेखी ताकीद दिली.

घसा खवखवतोय. ओरडून ओरडून दुसरं काय होणार.

८ मे
चिमणी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची पिशवीपण कपाटात उघडू? घरी सासरे आहेत. एकच फुप्फुस उरलंय त्यांना."
"माझ्या श्वासाची भीती वाटते तुला?"
"तसं नाही हो..."
पिशवी टेबलावरच उघडली तिने. चेहरा जवळ नेऊन, नीट. ताकीद मिळाल्यापासून फार नीट काम करते.

११ मे
रेघ तशीच. यंत्रवाल्याला बोलावलंय. रुग्णांच्या पिशव्या साचल्या.

१२ मे
यंत्रवाल्याने सगळं उघडून पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन स्वतः एक पिशवी फुंकली. रेघ सपाट.
रुग्णाची लावली. वर. माझी लावली. तेवढीच वर.
"यंत्र खणखणीत आहे, मॅडम. ही पिशवी कोणाची?"
मी पिशवी काढून घेतली. तो मागे सरकला.
चिमणी आज आली नव्हती. रजेचा अर्जही नाही. ताकिदीचा राग, असं सकाळीच वहीत लिहून ठेवलं होतं मी.
खाली जाऊन तपासणीला नमुना दिला.

१३ मे
अहवाल आला. मला संसर्ग आहे.
चिमणीला फोन लावला. नवऱ्याने उचलला.
"ती बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेलीय, मॅडम. दम लागलाय त्यांना. ताकिदीचं पत्र रागावून दिलंत का? रोज विचारते, माझं नक्की काय चुकलं."