बारशापुरतं नेट

ल्यूडरिट्झ, नामिबिया
बुधवार, २५ जून २०२५

प्रिय भाविका,

अनेक आशीर्वाद. गार्गीला खूप पापे. आईला नमस्कार सांग. प्रितमला म्हणावं, आता तरी दाढी कर. बारशाच्या फोटोंत माझा भाऊ बाळाचा बाप कमी आणि डेकोरेशनवाला जास्त दिसतोय.

मी मजेत आहे. इथे कडाक्याची थंडी आहे आणि वारा असा, की बाहेर पडताना आधी ओढणी धरायची की दार, ते ठरवून निघावं लागतं. एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे आमचा मासळीचा कारखाना. चारकोपच्या इस्टेटमध्ये आमची कंपनी ज्या पॅकिंगच्या मशीन बनवते, त्या इथे बसवल्यात, आणि त्या कशा चालवायच्या ते मी इथल्या बायकांना शिकवते. संध्याकाळी घरी चालत येताना मढला बोंबील वाळत घातलेले असतात तसा वास येतो. डोळे मिटले की मढ, उघडले की वाळवंट. आल्या आल्या मला ह्याचंच केवढं नवल वाटायचं. आता त्याहून मोठं नवल बघून बसलेय.

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, नाव दोन अक्षरांचं, मग तुम्ही तिच्या कानात इतका वेळ काय बोलत होतात?’ मी उत्तरात नुसता हसरा चेहरा पाठवला, कारण तुझा फोन म्हणजे घरातला सार्वजनिक नळ. आई वाचते, प्रितम वाचतो, जयंतीकाकू आल्या की चष्मा पुसून त्याही वाचतात. आमच्या कंपनीतला विशाल सोमवारी इथे आला, तो शनिवारी मुंबईला परत निघालाय. तो बोरीवलीला येऊन हे पाकीट तुझ्याच हातात देईल. मी सगळं सांगणार आहे, फक्त जरा मागून सुरू करू दे. एकदम नाही जमणार मला.

माझा फोन कारखान्यात मिठाच्या पाण्यात पडला ते तुला माहीतच आहे. त्याचा कॅमेरा गेला, माईक गेला, स्पीकर गेला. नेट तेवढं जिवंत राहिलं. नवा फोन मागवलाय, तो येईल तेव्हा खरा. मी जिच्याकडे राहते त्या मार्थाबाईच्या घरात वायफाय नाही, आणि कारखान्यातलं नेट कारखान्याच्या कामापुरतं. इकडे बारसं जवळ येत चाललेलं. तू तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बजावून ठेवलं होतंस, नाव आत्याच ठेवणार, आमच्या गुजरात्यांतही फोईच ठेवते. आणि आत्या बसलीय इथे, मुका फोन घेऊन. माझी तर वाट लागली होती. बारसं थांबणार नाही हे मला दिसत होतं. जयंतीकाकूंची लेक मालन नात्यानं आत्याच, शिवाय कांदिवलीत हाकेच्या अंतरावर. नाव मी ठेवणार की मालन ठेवणार, दिवसभर मशीनसमोर डोक्यात तेवढंच.

मग एकदा चहा पिता पिता फोनमध्ये उगाच बोटं फिरवत होते, तर हॉटस्पॉट दिसलं. आपल्याकडे घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, मला ते कधी लागलंच नव्हतं. म्हटलं, लावून तर बघू. आणि फोनमधलं नेट हवेतून लॅपटॉपमध्ये आलं. वायर नाही, काही नाही. ज्या फोनला स्वतःला बोलता येत नव्हतं, त्यानं लॅपटॉपला वाचा दिली.

सिग्नल फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतो, म्हणून फोन कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून खिडकीच्या कडीला टांगला. खाली टेबलावर लॅपटॉप. मार्था बघतच राहिली. तिला वाटलं, मी फोन वाळत घातलाय.

शनिवारी आपण टेस्ट केली तेव्हा तू गार्गीला कॅमेऱ्यासमोर धरलंस. तिला उचकी लागली होती. भाविका, ती उचकी मला ऐकू आली. माझं आयुष्य मशीनींत गेलंय, टॉवर काय, केबल काय, मला सगळं समजतं. तरी अंगावर काटा आला. बोरीवलीतून निघालेली एवढीशी उचकी, समुद्राखालून आली, वाळवंट ओलांडून आली, आणि शेवटी कांद्याच्या पिशवीतून माझ्या टेबलावर उतरली. वाटेत कुठे सांडली नाही. मी तिला ‘पाणी पाज गं’ म्हणणार होते, मग आठवलं, एवढ्या लहान बाळाला पाणी देत नाहीत. मग नुसती बघत बसले.

नंतर माझं चित्र अडकलं आणि टेस्ट संपली. ‘नेट गेलं, पण उद्या नक्की’ असा मेसेज मी केला. तो विषय तिथेच सोडते. नाही, सोडत नाही, थोड्या वेळानं पुन्हा घेते.

रविवारी मी सकाळपासून तयार. ती मोरपिशी साडी नेसले, वर स्वेटर. ऐनवेळी गडबड नको म्हणून लॅपटॉप फोनला खूप आधीच जोडून ठेवला आणि आंघोळीला गेले. तिथेच माती खाल्ली. लॅपटॉपला काय माहीत हे नेट मोजकं आहे ते. त्याला वाटलं घरचं वायफाय लागलं. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं त्यानं स्वतःचं सगळं अपडेट खाऊन घेतलं. तरी तुमचा कॉल लागला, तुमचा अख्खा हॉल दिसला. पाळणा, झेंडूच्या माळा, तुझी आई, कुठून तरी पैदा केलेला वरवंटा आणि त्याला घातलेलं टोपडं. हल्ली सगळ्यांकडे मिक्सर, वरवंटा कोणाकडून आणलात ते कळव. पाळण्याशेजारी रिकामा पाट मांडला होता, तो माझा आहे हे मला न सांगता कळलं. घुगऱ्यांची ताटली आली, बायका पाळण्याभोवती जमल्या, आणि स्क्रीन काळी झाली. फोनवर मेसेज, डेटा संपला. इथे रविवारी दुपारी दुकानं बंद असतात. रिचार्जचं कूपन सोमवारशिवाय मिळणार नव्हतं.

मी तशीच बसून राहिले. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. नेट गेलं म्हटलं की संपलं. मालन नाव ठेवेल, काकूंच्या जिवाला बरं वाटेल, आईला कुणापुढे तोंड उघडावं लागणार नाही, आणि कुणाकडेच वाईटपणा येणार नाही. सगळा दोष नेटचा.

असं का वाटलं, ते आता लिहिते. शनिवारी टेस्टच्या वेळी नेट गेलं नव्हतं, भाविका. निदान सगळं गेलं नव्हतं. तुमच्याकडे माझं चित्र थिजलं, माझा आवाज पोचेना, पण तुमचा मला येत होता. प्रितम म्हणाला, ‘गेलं वाटतं,’ आणि त्यानं फोन टीपॉयवर उताणा टाकला. कॉल बंद केलाच नाही. मला आपल्या हॉलचा पंखा दिसत होता आणि काकू ऐकू येत होत्या.

‘बरंच झालं गेलं ते. देवालाच नको असेल. पहिल्या लेकराचं नाव सवाष्णीनं ठेवलेलं बरं असतं गं. आपली मालन आहे की.’

मी ‘अहो, मी इथेच आहे’ म्हणाले. दोनदा म्हणाले. मार्था बाहेरच्या खोलीतून बघायला आली, पण तुमच्यापर्यंत काहीच गेलं नाही. मग आई काय म्हणते त्याची वाट बघत बसले. आई काही बोलली नाही. पंखा फिरत राहिला. केतन गेल्यापासून, विधवा म्हणून, मी पुष्कळ ऐकून घेतलंय, पण आई गप्प बसली ते जेवढं लागलं, तेवढं कधी काही लागलं नाही.

मग तू बोललीस. तेही मी ऐकलं. पण तू सव्वा महिन्याची बाळंतीण, तू माझ्यापायी घरात वैर घ्यावंस असं मला वाटत नव्हतं. म्हणून रविवारी स्क्रीन काळी झाल्यावर मी लॅपटॉप मिटायला हात लावला होता.

तेवढ्यात मार्था आली. तिला मी आदल्या दिवशी बारशाचं सगळं समजावलं होतं, आत्या कानात नाव सांगते, मग बायका ‘कुर्र’ करून तिच्या पाठीत धपाटे घालतात. तिला ते फार आवडलं होतं. तिनं विचारलं, ‘ठेवलं नाव?’ मी म्हटलं, ‘नेट संपलं. जाऊ दे, दुसरी आहे एक.’ ती म्हणाली, ‘दुसरी तू आहेस का?’ आणि आत गेली.

तिचा स्वतःचा फोन बटणांचा आहे. तिनं कपाटातून दुसरा काढून आणला, मोठा, काचेवर ओरखडे. तो तिच्या नवऱ्याचा. तो बोटीवर होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पण ती त्या फोनमध्ये न चुकता नेट भरते, कारण नातवंडांचे फोटो त्याच नंबरवर येतात. मला म्हणाली, ‘तुझं ते जोडायचं काय असतं, ते ह्याच्यात कर.’ मी केलं. लॅपटॉपवर जवळच्या नेटची यादी आली आणि त्यात एकच नाव होतं, योहानेस. मी तिला दाखवलं. तिनं ते नाव बोटानं एकदा पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘चांगला माणूस होता. दाब.’

मी दाबलं. योहानेसला कांद्याच्या पिशवीत घातलं, खिडकीत टांगलं, आणि बघते तो काय, तुम्ही सगळे जसेच्या तसे उभे. पाट रिकामाच. मालन लांब सोफ्यावर घुगऱ्या खात होती. तू पाळण्याच्या कडेला हात टेकून उभी होतीस, आणि तुझा चेहरा बघून हॉलमध्ये काय झालं असेल ते मला समजलं. तू फोन उचललास, स्पीकर बंद केलास आणि तो गार्गीच्या कानाशी धरलास.

मग स्क्रीनवर काहीच दिसेना, सगळा अंधार. पण मला तिचा श्वास ऐकू येत होता. ह्याला मी काय म्हणू ते मला अजून सुचलेलं नाही. मी वाळवंटाच्या कडेला एका परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, एका गेलेल्या माणसाच्या नेटवर बसलेय, आणि माझ्या भाचीचा श्वास माझ्या कानात, माझं तोंड तिच्या कानाशी. मी हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही. खिडकीतल्या पिशवीलाच बहुतेक.

मी नाव सांगितलं आणि पुढचं बोलले. आवाज तिकडे पोचायला वेळ लागत होता. मला वाटलं, गेलं पुन्हा. आणि मग लांबून ‘कुर्र’ आलं, तुमच्या सगळ्यांचं. मार्थानं ते ओळखलं, आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला म्हणून सांगू. जन्मभर माशांचे क्रेट उचललेला हात आहे तो. मी हसता हसता रडले की रडता रडता हसले, काही कळलं नाही. तुमच्याकडचं चित्र मात्र एकदम हललं, मग पुन्हा हललं. मला वाटलं सिग्नलची भानगड. काल प्रितमनं कळवलं, की आई पुढे आली आणि तिनं तुझ्या हातातल्या फोनच्या पाठीवर धपाटे घातले, काकूंच्या देखत. म्हणाली, ‘हे नमूचे.’

आईला सांग, लागले. तिच्या गप्प बसण्याचं मला काही माहीत आहे हे मात्र तिला कळू देऊ नकोस. ते आता राहिलंही नाही. काकूंवरही माझा राग नाही, त्यांना जे शिकवलं ते त्या बोलल्या. फक्त कधी विषय निघालाच, तर सांगून टाक त्यांना, बारशाचं नेट कोणाच्या फोनवरून आलं होतं ते. आणि पोरीला काही झालेलं नाही, छान दूध पिते, हेही सांग.

कंपनी दिवाळीआधी परत पाठवते म्हणतेय. आल्यावर मी त्या पाटावर बसणार आहे, घुगऱ्या पुन्हा कर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाव सांगून झाल्यावर मी तिला म्हणाले, ‘गार्गी, काल तुझी आई सगळ्यांसमोर म्हणाली, नाव नमिताताईच ठेवतील, आणि नेट आलं नाही तर येईपर्यंत माझी मुलगी बिननावाची राहील. तिला वाटलं मी ऐकलं नाही. मी ऐकलंय, बाळा. शब्द न् शब्द ऐकलाय. तू मोठी झालीस की तिला सांग.’

तेवढं मोठं व्हायला तिला वेळ लागेल, म्हणून मीच लिहिलं.

गार्गीची आत्या,
नमिता