डबल बेल

लिस्बन, रविवार

मित्रा रावजी,

सुनेने किल्ला दाखवला, राजवाडा दाखवला, पण मला आवडली ती चढावरची जुनी ट्राम. आत घंटीची दोरी होती. एक म्हातारी चढून नीट बसली आणि माझ्या हाताने सवयीने डबल बेल दिली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, अगदी तुझ्यासारखं. सगळे हसले.

त्या दिवशी बोर्लीच्या स्टॉपवर आपल्या एसटीत चढणाऱ्या चंदाबाईचा एक पाय अजून पायरीवर होता. तरी मी डबल बेल दिली, तू गाडी काढलीस, ती पडली. चौकशीत मी म्हणालो, बेल दिलीच न्हाय. नोकरी तुझी गेली.

हॉटेलसमोरच टपालपेटी आहे, पण पाय वळत न्हाईत.

आज आधी म्हातारी बसली, मग माझा हात वर गेला. तेव्हा एवढंच करायचं होतं रे.

तुझाच कंडक्टर,
भागोजी