नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी हे तुम्हालाच लिहायला हवं, कारण त्या आकड्याबद्दल शाळा सुटल्यापासून मी कुणाशी बोललेले नाही.

दुष्काळाचं वर्ष, मी सातवीत. भूमकडच्या आमच्या गावात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि आठवीऐवजी मलाही तिथंच नेणार होती. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर एक कोटी एक लिहून विचारलंत, याला कशानं भाग जातो? मी म्हणाले, अकरानं. उत्तर पाटीवर लिहून तुमच्यापुढं धरलं, ९०९०९१, आणि म्हटलं, याला आता कशानंच जात नाही. तुम्ही पाटीवर नजर टाकलीत. "तिनानं जातो की. बस खाली, शहाणे." माझ्या शेवटच्या एकाचं शेपूट वळलेलं, तुम्ही तो नऊ वाचलात. वर्ग हसला. मी उभीच. "गुर्जी, त्यो एक हाय." तुम्ही पाटी डोळ्यांजवळ नेलीत. "एक तर एक. पण कशानंच जात न्हाय कशावरून? करून दाव. न्हाय तर जा आईसंगं खडीवर."

जनावरं छावणीत गेल्यानं दूध सोसायटीची पावतीपुस्तकं कोरी पडली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यातली दोन भागाकार करायला माझ्या हातात ठेवलीत. दोनपासून नऊशे त्रेपन्नपर्यंत मूळ संख्या एकशे बासष्ट. पुढच्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या आकड्याला ओलांडतो, तिथं थांबायचं, हे तुम्हीच सांगितलंत. तिनानं भागलं, एक उरला. सातानं, एक. तेरानं, सदतिसानंही एकच. चुकतंय असं वाटून पुन्हा केले. मग कळलं, एक कमी असता तर या चौघांनीही भाग गेला असता. आई चिडायची, "ह्यो आकडा हाय का जावई? किती सरबराई!"

तुम्ही पहिले तीस भागाकार तपासलेत आणि उन्हातून चालत खडीच्या कामावर आलात. "बाई, हिचं नाव भूमला आठवीत घालू."

"गुर्जी, हातोडा कोण धरंल?"

"एकशे बासष्ट भागाकार केलेत हिनं. एकबी चुकवला न्हाय. माझी हमी."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय गं? समदे केलेस?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढं कॉलेजातल्या एका पुस्तकात वाचलं की इथं ज्यांना चौदानं भागल्यावर एक उरतो, अशाच मूळ संख्या तपासायच्या. सत्तावीस पुरल्या असत्या. आता मी कालव्याची मापं तपासते. एकही माप स्वतः घेतल्याशिवाय सही करत नाही. लोक कडक म्हणतात. म्हणोत.

हा कागद टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. नऊशेच्या पुढचे आठ भागाकार मी केलेच नव्हते. नाव घालायची मुदत संपत होती. बाक्या मनानंच लिहिल्या. नोकरी लागल्यावर केले. भाग जात नाही. पण आईला "व्हय" म्हणाले, तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.