डेसच्या मृत्युलेखाचा खर्डा

३ जून, मंगळवार

प्रूचा फोन. ऑकलंडच्या पेपरातली प्रू, वर्षभरात तिसऱ्यांदा. "तो गाणारा डेस क्रॉसन तुझ्याच गावात राहतो ना गं?"

गावात काय, उतारावर खालीच. माझ्या खिडकीतून त्याचं धुराडं दिसतं.

"मग त्याचा मृत्युलेख लिहून दे."

मी किंचाळले — कधी गेला?

"गेला नाही! आगाऊ. आम्ही करून ठेवतो. आमच्या फडताळात असे दोनशे जिवंत लोक पडलेत. त्याची तब्येत बरी नाही असं कानावर आलंय. नऊशे शब्द. तुझं नाव येणार नाही. आणि हो, त्याला कळू द्यायचं नाही. तशी पद्धत नाही."

हो म्हटलं. डेसची तब्येत बरी नाही हे मला त्याच्याऐवजी ऑकलंडकडून कळलं, आणि मी हो म्हटलं! कारण या वर्षात माझ्याकडे कुणी नऊशे शब्द मागितलेच नव्हते. लोकरीच्या मोज्यांची जाहिरात — साठ शब्द. मेंढ्यांचं जंताचं औषध — चाळीस. बाकी वेळ माझी स्वतःची कादंबरी. तिच्यात एकही क्रियापद वापरायचं नाही असं ठरवलंय. चाळीस पानं झाली. कोणी काही करतच नाहीये.

५ जून, गुरुवार

गुरुवारी दुपारी तीनला डेसकडे रेकॉर्ड ऐकायच्या. दोन वर्षं चाललंय. तो चहा ओततो, मी शेगडीत लाकूड सारते, एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आठवड्यातले हे दोन तास मी काही लिहीत नाही, कशाला काय म्हणायचं याचा विचार करत नाही. नुसती ऐकते.

आज ऐकलंच नाही. बाजू संपली की विचारायचं काय, तेच डोक्यात. आईचं नाव काय? बंदरातल्या क्रेनवर किती वर्षं होतास? तो आपला सांगत होता. खूश होता, कुणीतरी विचारतंय म्हणून. मधे दोनदा खोकला. मी खोकलासुद्धा मनात टिपला.

"आज फार बोलतेयस," म्हणाला. "प्रेमात पडलीस की काय? कोण आहे तो गाढव?"

९ जून

मोजे. ‘पाय घरी आल्यासारखे वाटतील.’ पास झालं. शी!

१२ जून, गुरुवार

त्याची स्वतःची रेकॉर्ड मागून आणली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर, एकुलती एक. तिच्यातच ‘धक्क्यावर’ आहे. या देशात ते गाणं न वाजता कुणाचं लग्न लागत नाही. *बोट लागली की मी उठेन.* माझ्या आईबापाच्या लग्नात वाजलं, घटस्फोटानंतर आईने ते गाणं घरात बंद केलं. म्हणूनच मला सगळं पाठ.

"माझीच का न्यायची?" डेसने विचारलं. तो स्वतः कधी लावत नाही ती.

म्हटलं, सहज.

१६ जून, सोमवार

पाठवला. नऊशे बारा शब्द. शेवटून दुसरा परिच्छेद बरा जमलाय — एका पावसाळी संध्याकाळी, बाविसाव्या वर्षी, मासेमारीच्या बोटीवरून उतरून त्याने ‘धक्क्यावर’ एका बैठकीत लिहिलं, वगैरे. सगळ्या जुन्या मुलाखतींत आहे तसंच. वयाची आणि तारखेची जागा मोकळी.

प्रूचं उत्तर: "झकास. फडताळात गेला."

पाठवल्यावर जेवावंसं वाटेना. टोस्ट खाल्ला उभ्याने.

१९ जून, गुरुवार

मी मूर्ख आहे. मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

या घरात इतकी ओल आहे की छापलेला कागद रात्रीत पापडासारखा वळतो. म्हणून मी खर्डे रेकॉर्डच्या कव्हरात सारून ठेवते, सपाट राहतात. सवयच आहे. आज दुपारी डेसला त्याची रेकॉर्ड परत दिली. घरी येऊन खर्डा शोधतेय — कुठे आहे, कुठे आहे — आणि एकदम आठवलं.

त्याच्या कव्हरात. पहिल्या पानावर वर ठळक: ‘डेस क्रॉसन, वय __, यांचे __ रोजी निधन झाले.’

तो कधीच लावत नाही ती रेकॉर्ड. कधीच नाही. देवा, आजही लावू नको म्हणावं.

२० जून

धुराडं बंद.

२१ जून

बंदच. खाली जाऊन दार वाजवावं. गेले नाही.

२३ जून, सोमवार

डेस चढ चढून आला. त्याच्या फुप्फुसांनी हा चढ चढायचा म्हणजे! दारात पाच मिनिटं नुसता धापा टाकत उभा. हातात माझी पानं.

"मी मेलो टॅम्सिन, आणि सगळ्यात शेवटी मलाच कळलं."

मी काहीतरी बडबडले. पेपर, पद्धत, प्रू.

"गुरुवारी मी चहा ओतायचा आणि तू माझी मापं घ्यायची! अगं, शवपेटीवालासुद्धा विचारून घेतो."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "तू का रडतेस? मेलोय मी." मग खुर्चीत बसला. मला म्हणाला चहा टाक, आता निदान चहा तरी तू ओत.

धुराडं बंद होतं कारण तो तीन दिवस तपासण्यांसाठी दवाखान्यात होता. काल परत आला आणि — आजवर कधी नाही ते — स्वतःची रेकॉर्ड लावायला काढली. "डॉक्टर म्हणाला सप्टेंबरचा वसंत बघशील. ख्रिसमसचं बोलला नाही. म्हटलं, बघू तरी मागे काय राहतंय. तर हे राहिलंय." पानं आपटली टेबलावर.

पेन्सिलीने सगळं दुरुस्त केलेलं. आई मार्गरेट नव्हे, मार्जरी. क्रेनवर एकतीस वर्षं नव्हे, तेहतीस. ‘प्रतिभावंत’ खोडलेलं — "बंदरावरचे लोक हसून हसून पाण्यात पडतील." आणि शेवटून दुसरा परिच्छेद, माझा आवडता, पूर्ण आडवा कापलेला. समासात:

‘गाणं माझं नाही. नोएलीन रीडचं. तिने माझ्यावर लिहिलं होतं. डे. क्रॉ.’

मी दोनदा वाचलं.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"आधी कुणी विचारलंच नाही. मग विचारायला लागले, तोवर माझं हो म्हणून झालं होतं."

जाताना दारातून: "ते नाव नीट घाल. बाकी तुझं काय ते खोटंनाटं राहू दे."

२६ जून, गुरुवार

गेले. वाटलं होतं दार उघडणार नाही. उघडलं. रेकॉर्ड लावली नाही, बोलत बसला.

नोएलीन त्यांच्या बँडमध्ये पियानो वाजवायची. वीस-एकवीसची. डेस तेव्हा बोटीवर जायचा, दहा-दहा दिवस. परत आला की ती धक्क्यावर. "*बोट लागली की मी उठेन* — त्यातली ‘मी’ म्हणजे तीच गं. वाऱ्यात बसलेली, माझी वाट बघत. मला गाणं दिलं, म्हणाली, तू म्हण, तुझा आवाज बरा आहे." कव्हर छापून आलं तर गाण्याखाली डेसचं नाव. छापणाऱ्याची चूक. "मी बघितली. तिनेही बघितली. ती बघत होती मी काय बोलतो ते. मी म्हटलं, भूक लागलीय, चल काहीतरी खाऊ."

ती सहा महिन्यांत ओआमारूला गेली, लग्न केलं, पियानो शिकवत राहिली. नवरा गेला. डेसने एकदाही फोन केला नाही.

"माझ्यावर कुणी एवढं लिहिलं, टॅम, आणि मी त्याच्यावर आपलं नाव राहू दिलं. सगळं लग्नघर रडतं त्या गाण्यावर. मी पन्नास वर्षं डोळे मिटून गातोय. डोळे का मिटतो? समोर ती दिसू नये म्हणून."

३० जून

नवा खर्डा झाला. वाईट आहे. प्रूला उद्या पाठवेन.

२ जुलै

सुरुवात बदलली.

४ जुलै, शुक्रवार

पाठवत नाहीये. खरं काय ते इथे तरी लिहावं. सुरुवात वाईट नाही. पाठवला की पूर्ण झाला. पूर्ण झाला की त्याच्यात भरायची फक्त तारीख उरेल. खर्डा चालू आहे तोवर डेस चालू आहे — असं काहीतरी डोक्यात बसलंय. बावळटपणा! कॉलेजात कुणी असं लिहिलं असतं तर मी टर उडवली असती.

आठवा खर्डा. फडताळात मात्र अजून जूनचाच, खोटा.

१० जुलै, गुरुवार

डेस आता ऑक्सिजनच्या नळीवर. बारीक झालाय. शर्ट दुसऱ्याचा वाटतो.

"पाठवलंस?"

"हो."

"नोएलीनचं नाव नीट?"

"हो."

"रीड. शेवटी ड."

"हो रे बाबा."

मान मागे टाकली. "आता झोप लागते बघ," म्हणाला. मी लाकूड सारलं शेगडीत. गरज नव्हती.

घरी येऊन बसले पाठवायला. पहिलं वाक्य अडखळतंय असं वाटलं. सोमवारी ताज्या डोक्याने बघू.

१४ जुलै, सोमवार

डेस गेला. पहाटे, दवाखान्यात.

१५ जुलै, मंगळवार

काल बातमी कळल्या कळल्या प्रूला फोन केला. लागेना. लागला तेव्हा म्हणाली, "अगं, दहा मिनिटांत लावलासुद्धा! इतकं तयार कुणाचंच नसतं. सगळे तुझं कौतुक करतायत."

आज छापून आलंय. अर्धं पान. मार्गरेट. एकतीस वर्षं. प्रतिभावंत. एका पावसाळी संध्याकाळी, बाविसाव्या वर्षी.

प्रूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं गाणं काढून दुसऱ्याला द्यायचं, टॅम्सिन? पुरावा लागेल. आणि त्या बाईची हरकत नाही हे तिच्या तोंडून."

पुरावा आहे. पेन्सिलीतला. बाईंना काय तोंड दाखवू?

रेडिओवर दिवसभर तेच गाणं. बंद केला. दुकानात गेले, तिथे चालू.

१८ जुलै, शुक्रवार

डेसचा अखेरचा निरोप, बंदराजवळच्या हॉलमध्ये. प्रत्येकजण काहीतरी खायचं ताट घेऊन आलेला. मी चीझ रोल नेले, एका बाजूने करपलेले. क्रेनवाले सगळे, तंग कोट घालून.

पियानोवर एक बाई जाऊन बसली. सत्तरी ओलांडलेली, पांढरे केस आखूड. माझ्या शेजारचा पुटपुटला, ही नोएलीन, पूर्वी बँडमध्ये होती. आणि तिने ‘धक्क्यावर’ म्हटलं. डोळे उघडे ठेवून. आवाज चिरका, मधे एकदा तुटला. डेसपेक्षा जलद, जवळजवळ उड्या मारत. सगळा हॉल रडत होता.

चहाच्या टेबलाशी क्रेनवाल्यांपैकी एकाने तिचा हात धरला. "बाई, डेसचं गाणं काय म्हटलंत! जवळजवळ त्याच्यासारखं. थोडं घाईत, पण झकास."

"हो का," ती म्हणाली. "थँक यू."

मी तीन पावलांवर होते. हातात चीझ रोल. हाच क्षण होता, मोठ्याने बोलायचा. बोलले नाही. तो माणूस गेल्यावर तिच्याजवळ गेले आणि एका दमात सगळं सांगितलं: लेख माझा, चूक माझी, त्याला हो म्हणाले आणि पाठवलं नव्हतं.

"म्हणजे तूही?" ती म्हणाली. एवढंच.

पान दिलं. तिने चष्मा लावला. समासातलं वाचलं. खूप वेळ.

"अक्षर त्याचंच," म्हणाली. "खरं सांगू तुला? मला आता खात्री राहिली नव्हती. दहा-पंधरा वर्षांपूर्वी केव्हातरी मलाच वाटायला लागलं, की त्यानेच लिहिलं असेल आणि मी नुसती तिथे बसलेली असेन. सगळी दुनिया एक म्हणते, आपण एकट्या काय धरून बसणार?"

मी म्हटलं, पेपर दुरुस्ती छापेल. तुम्ही हो म्हणायला हवं.

ती पुन्हा वाचत होती. शेवटच्या ओळीवर आली — ‘तिने माझ्यावर लिहिलं होतं’ — आणि तिचा चेहरा कसातरी झाला. रडतेय की हसतेय, कळेना. पान घडी करून पर्समध्ये घातलं.

"दोन दिवस दे मला."

२० जुलै

फोन नाही. कादंबरी फेकून दिली. एका वाक्यात क्रियापद घालून बघितलं: डेस गेला. त्यापुढे जाता येईना.

२२ जुलै, मंगळवार

नोएलीनचा फोन. छापा म्हणाली, माझं नाव घाला, पानाचा फोटो पाठवते. फक्त ती शेवटची ओळ नको.

म्हटलं, तीच तर सुंदर आहे. तुम्ही त्याच्यावर—

"त्याच्यावर नव्हतं गं ते. आमचा कुत्रा होता, बॉस. माझे वडीलही त्याच बोटीवर असायचे. दहा दिवस धक्क्यावरून हलायचा नाही. जेवण तिथे नेऊन द्यावं लागायचं, म्हणून मी तिथे असायचे." मग म्हणाली, "डेसला सांगायचंच राहिलं. तो इतके डोळे मिटून गायचा!"

दुरुस्ती पाठवली. दोन ओळी. कुत्र्याचं लिहिलं नाही.